शिळाछाप ते संगणक : संशोधन छापते कोण आणि वाचते कोण?



उत्तर कोकणाच्या इतिहासाचा एक जुना ग्रंथ आहे, 'महिकावतीची बखर'. तिचा सर्वांत जुना भाग केशवाचार्य यांनी शके १३७० म्हणजे इ. स. १४४८ च्या सुमारास लिहिला, असे तिच्यातच नमूद आहे. पुढे निरनिराळ्या हातांनी तिच्यात भर घातली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ती संपादून, तिला एक दीर्घ प्रस्तावना जोडून, १९२४ साली छापून प्रसिद्ध केली. आपल्या माहीम, केळवे, तारापूर या किनाऱ्यावर कोण आले, कोठे वसले, कोणत्या जातीजमातींनी कोणती गावे धरली, मुसलमानी अंमल या भागात कसा आला, याची चर्चा करताना अभ्यासकांना या बखरीकडे वळावेच लागते.

आता प्रश्न असा की, १९२४ नंतर पन्नास-साठ वर्षे ही बखर आपल्या भागातील किती माणसांच्या हाती पडली असेल? पुण्या-मुंबईच्या मोठ्या ग्रंथालयात ती होती, काही विद्वानांच्या घरी होती. ज्यांच्या पूर्वजांची हकिकत तिच्यात आहे, त्यांच्या घरी मात्र ती नव्हती. आज तीच बखर छायाप्रतीच्या रूपाने इंटरनेटवर आहे आणि बोईसर स्टेशनवर लोकलची वाट पाहणारा विद्यार्थी ती मोबाइलवर फुकट उघडू शकतो. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे हक्क राखले जात. १९९२ साली ही मुदत साठ वर्षे झाली, परंतु राजवाड्यांची पन्नास वर्षे तोवर केव्हाच भरलेली होती. म्हणजे बखर सर्वांची झाली ती दोन गोष्टींमुळे. छायाप्रत काढणारे यंत्र आले ही एक, आणि ती प्रत सर्वांपुढे ठेवण्यास कायद्याची आडकाठी उरली नाही ही दुसरी. तंत्र आणि धोरण या दोन बैलांच्या जोडीनेच विद्येचा गाडा चालतो. एक बैल पुढे ओढू लागला आणि दुसरा बसला, तर गाडा कसा अडतो, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम आपल्या मुंबईकडे वळू. मुद्रणकला हिंदुस्थानात १५५६ साली गोव्यात उतरली. परंतु मुंबईत ती खऱ्या अर्थाने रुजली ती एकोणिसाव्या शतकात. मराठीत गणपत कृष्णाजी यांचे नाव आदराने घेतले जाते. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील काम पाहून त्यांनी स्वतःचा शिळाप्रेस उभा केला, शाई स्वतः तयार केली आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले. शिळाप्रेस म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. विशिष्ट जातीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने मजकूर उमटवायचा. मग दगड ओला करायचा. जेथे तेलकट अक्षर आहे तेथे पाणी टिकत नाही, आणि जेथे पाणी आहे तेथे छपाईची शाई चिकटत नाही. रूळ फिरवून कागद दाबला की अक्षर कागदावर येते. इतके साधे, इतके चतुर तंत्र!

या तंत्राचा सर्वांत मोठा लाभ अरबी, फारसी व उर्दू लिपीला झाला. देवनागरीचे अक्षर प्रायः सुटे उभे राहते. उर्दूची नस्तालीक लिपी तशी नाही. तिच्यात अक्षर शब्दाच्या आरंभी एक रूप घेते, मध्ये दुसरे, शेवटी तिसरे. आणि शब्द उजवीकडून डावीकडे जाता जाता तिरका खाली उतरतो. शिशाच्या खिळ्यांना हा उतार साधत नाही. खिळ्यांनी छापलेले उर्दू वाचकांना परके वाटे. शिळाप्रेसमध्ये मात्र कातिब आपल्या हाताने लिही आणि तेच अक्षर शेकडो प्रतींत उतरे. वाचकाला हस्तलिखित वाचल्याचे समाधान, छापणाऱ्याला भांडवल थोडे. मुंबईत फत्हुल करीम, हैदरी, करीमी अशा छापखान्यांतून अरबी, फारसी, उर्दू पुस्तके निघाली, आणि ती जहाजांनी हिंदी महासागराच्या काठाकाठाने दूरवर गेली. मलय भाषेतील पुस्तकेसुद्धा मुंबईच्या दगडावर छापली जात. कोकणी मुसलमानांपैकी पुष्कळांचे पूर्वज खलाशी व व्यापारी. ज्या जहाजांवर ते होते, त्यांच्याच पेट्यांतून किताबाही परदेशी गेल्या असतील, असे म्हणण्यास हरकत नाही.

शिळाछापाला एक दोषही होता. काम झाले की दगड घासून पुन्हा नव्या मजकुरासाठी वापरीत. पुढची आवृत्ती हवी असेल तर कातिबाने पुन्हा पहिल्यापासून लिहावयाचे. त्यामुळे एका आवृत्तीतील शब्द दुसऱ्या आवृत्तीत बदललेला सापडतो. अमुक ग्रंथाचा शुद्ध पाठ कोणता, हा वाद अभ्यासकांना आजही पुरतो.

देवनागरीने दुसरी वाट धरली. जावजी दादाजी यांनी १८६४ साली टाइप पाडण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. गरिबीतून वर आलेल्या या कारागिराने पाडलेले खिळे इतके सुबक होते की, निर्णयसागरची संस्कृत पुस्तके देशोदेशीच्या पंडितांनी प्रमाण मानली. 'काव्यमाला' या त्यांच्या मालिकेने कित्येक संस्कृत ग्रंथ प्रथमच छापील रूपात आणले. ही विद्वत्तेची सेवा कोणा विद्यापीठाने नव्हे, तर एका छापखान्याने केली, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते.

उर्दूला मात्र कातिबाचा हात सुटायला १९८१ साल उजाडावे लागले. त्या वर्षी पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांच्या हस्ताक्षरावरून 'नूरी नस्तालीक' ही संगणकावरील लिपी आली. सुटी अक्षरे जोडण्याऐवजी हजारो जोडअक्षरे आधीच आखून ठेवायची, ही तिच्यामागील युक्ती. पुढे १९९४ साली दिल्लीच्या एका कंपनीने 'इनपेज' काढले आणि आपल्याकडील उर्दू छपाई त्यावर गेली. मराठीतही त्याच सुमारास 'श्रीलिपी', 'आकृती' यांसारखे संगणकी अक्षरसंच आले. छपाई देखणी झाली, स्वस्त झाली. परंतु प्रत्येक संचाची आतली खूण निराळी. एका संगणकावरचा मजकूर दुसऱ्यावर उघडला की अगम्य चिन्हे दिसत. वीस-पंचवीस वर्षे मराठी व उर्दू विद्वानांनी जे लिहिले ते कागदावर वाचता येते, पण संगणकावर शोधता येत नाही! युनिकोड ही सर्व लिप्यांची समान व्यवस्था रूढ झाल्यावर हा घोटाळा हळूहळू सुटला. तरी जुन्या फायली अजून पेटाऱ्यात बंद आहेत.

हे झाले तंत्राचे. आता धोरण.

१८५७ च्या उठावानंतर सरकारला छापील अक्षराचा धाक वाटू लागला. १८६७ साली मुद्रणालये व पुस्तक नोंदणीचा कायदा झाला. प्रत्येक छापील पुस्तकाच्या प्रती सरकारात द्यावयाच्या आणि त्यांची यादी दर तिमाहीस प्रसिद्ध व्हावयाची. हेतू नजर ठेवण्याचा होता. पण परिणाम असा झाला की, त्या याद्यांमुळेच आज आपल्याला कोणत्या छापखान्याने कोणते पुस्तक किती प्रतींत काढले हे कळते. पहारेकऱ्याची वही इतिहासकाराच्या कामी आली. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली दुसरा कायदा झाला. त्यानुसार प्रकाशकाने पुस्तकाची प्रत कलकत्ता, मद्रास, मुंबई व दिल्ली येथील ठरलेल्या चार ग्रंथालयांना द्यावयाची. मुंबईला हा मान टाऊन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालयास मिळाला. १८६७ चा कायदा मात्र २०२३ च्या नव्या कायद्याने मोडीत निघाला. नवा कायदा नियतकालिकांपुरता आहे, पुस्तकांची नोंदणी त्यात राहिली नाही. तेव्हा प्रती जतन करण्याची मदार आता १९५४ च्या कायद्यावर आहे, आणि तो पाळणारे प्रकाशक किती, हे विचारण्यात अर्थ नाही.

ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर सरकारनेच १८८२ साली छापले. त्यात तारापूर आहे, माहीम आहे, शिरगाव आहे. किल्ले, बंदरे, मासेमारी, भात, मीठ सगळे आहे. ते इंग्रज अधिकाऱ्यांच्या सोयीसाठी होते, आपल्यासाठी नव्हे. बरोबर शंभर वर्षांनी, १९८२ मध्ये, त्याची सुधारित आवृत्ती निघाली. आज दोन्ही इंटरनेटवर मिळतात. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी आपला जुना इतिहास 'ठाणे' याच नावाखाली शोधावा लागतो, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

विद्वानांची नियतकालिके हा आणखी एक प्रवाह. शोधाची बातमी ग्रंथ होईपर्यंत न थांबता लेखरूपाने छापावी, ही कल्पना १६६५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या पत्रिकेने रूढ केली. मुंबईत १८०४ साली स्थापन झालेल्या लिटररी सोसायटीची पुढे एशियाटिक सोसायटी झाली आणि १८४१ पासून तिची पत्रिका निघू लागली. पुण्यात १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ आणि १९१७ साली भांडारकर संस्था उभी राहिली. १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापलेल्या अंजुमन-ए-इस्लामने १९४७ साली उर्दू संशोधन संस्था काढली आणि १९५० पासून 'नवा-ए-अदब' हे त्रैमासिक चालविले. प्राध्यापक आसफ फैजी यांनी आपल्या घराण्यातील इस्माइली हस्तलिखितांचा संग्रह १९५७ साली मुंबई विद्यापीठास देऊन टाकला. या सर्व संस्थांची रीत एकच होती. वर्गणी थोडी, देणगीदार उदार, आणि तुमची पत्रिका आम्हाला, आमची तुम्हाला, अशी अदलाबदल. लेखकाकडून पैसा घेत नसत आणि वाचकाला फार पडत नसे. नफा हा शब्द तेथे कोणी उच्चारीत नसे.

आपल्या दाराशीही या इतिहासाचे एक पान आहे. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या व्यापारी तत्त्वावर सुरू झाल्या. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने 'इनिस' नावाची माहिती-व्यवस्था उभारली. प्रत्येक देशाने आपले अणुविषयक लेख व अहवाल नोंदवून द्यावयाचे आणि बदल्यात सर्वांचे मिळवायचे. भारताच्या बाजूने हे काम तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने पाहिले. अहवाल तेव्हा मायक्रोफिशवर, म्हणजे तळहाताएवढ्या फिल्मवर, फिरत असत आणि ते वाचण्यास खास यंत्र लागे. २००९ पासून हा संग्रह इंटरनेटवर सर्वांना मोकळा आहे. तारापूरच्या अणुभट्ट्यांवरील लेखही त्यात शोधता येतात. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावे.

येथवर गोष्ट सुखाची वाटेल. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर विद्वत्तेच्या पत्रिका हळूहळू मोठ्या परदेशी कंपन्यांच्या हाती गेल्या. लेख लिहिणारे प्राध्यापक पगार घेतात सरकारचा, लेख तपासणारे तज्ज्ञ काम करतात फुकट, आणि छापून झालेली पत्रिका कंपनी विकते त्याच विद्यापीठाला, दरवर्षी चढत्या दराने. आपल्याच विहिरीचे पाणी आपण विकत घ्यावे, तसा हा व्यवहार. मुंबईच्या मुसलमान समाजाच्या एकोणिसाव्या शतकातील इतिहासावर, तेव्हाच्या छापखान्यांसह, नाईल ग्रीन यांचा 'बॉम्बे इस्लाम' हा महत्त्वाचा ग्रंथ २०११ साली निघाला, तो केंब्रिजहून. आपली हकिकत वाचण्यासाठी आपल्याला केंब्रिजची किंमत मोजावी लागते. आमच्या भागातील एखादी मुलगी एम. ए. अथवा एम. एस्सी.चा अभ्यास करताना लेखाच्या सारांशापर्यंत पोहोचते आणि पुढे तीस-पस्तीस डॉलरची मागणी येते. तिच्या वडिलांचा तारापूर औद्योगिक वसाहतीतील आठवड्याचा पगार आणि ती रक्कम यांची तुलना पालकांनीच करावी.

हा केवळ पदवीचा प्रश्न नाही. औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध मच्छीमार बांधवांची संघटना २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. अशा लढ्यात 'मासे कमी झाले' हे सांगून भागत नाही. पाण्यात काय आहे, किती आहे, हे शास्त्रीय पुराव्याने दाखवावे लागते. खाडीचे पाणी आपले, आजार आपला, आणि त्यावरील शोधनिबंध कुलपाआड, ही परिस्थिती कोणास मान्य होईल?

कुलूप उघडण्याचे प्रयत्न झाले. १९९१ साली अमेरिकेत पॉल गिन्सपार्ग यांनी भौतिकशास्त्राचे लेख संगणकावर सर्वांसाठी खुले ठेवण्यास आरंभ केला. २००२ साली बुडापेस्ट येथे मुक्त प्रवेशाचा जाहीरनामा निघाला. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली पीएच.डी.चे प्रबंध संगणकीय रूपात जमा करण्याचा नियम केला. त्यातून 'शोधगंगा' हा भांडार उभा राहिला. त्यात आज पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत, मराठी व उर्दू विषयांचेही आहेत, आणि कोणीही ते वाचू शकतो. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत सामान्य वाचकासाठी झालेले सर्वांत मोठे काम हेच होय, जरी त्याची वर्तमानपत्रांत वाहवा झाली नाही. २०१४ साली केंद्राच्या विज्ञान व जैवतंत्रज्ञान विभागांनी सरकारी पैशाने झालेले संशोधन खुले ठेवण्याचे धोरण जाहीर केले. वीस खंडांचा मराठी विश्वकोश, ज्याचा पहिला खंड तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ साली निघाला, तोही आज फुकट वाचता येतो.

झेरॉक्सच्या दुकानाचीही एक कथा आहे. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आदी प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठातील एका झेरॉक्सवाल्याविरुद्ध दावा लावला. पुस्तकांतील प्रकरणे एकत्र करून तो मुलांना देत असे. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिक्षणासाठी अशी प्रत काढण्यास कायद्यात मुभा आहे असे ठरविले, आणि २०१७ साली प्रकाशकांनी दावा मागे घेतला. गरीब विद्यार्थ्याच्या बाजूने लागलेला हा निकाल पालकांना ठाऊक असावा.

अलीकडचे मोठे पाऊल म्हणजे 'एक देश, एक वर्गणी' योजना. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार पत्रिका, सहा हजार तीनशेहून अधिक संस्था, एक कोटी ऐंशी लाख विद्यार्थी-शिक्षक-संशोधक, असे आकडे सरकारने दिले. लहान गावातील सरकारी महाविद्यालयाला दिल्लीच्या बरोबरीची पत्रिका मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु पहिला टप्पा सरकारी व्यवस्थापनाच्या उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधनसंस्था यांच्यापुरता आहे. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयातील मुलगा बाहेर, शाळामास्तर बाहेर, आणि सार्वजनिक वाचनालयाचा सभासदही बाहेर. पत्रिका जवळजवळ सर्व इंग्रजी. सहा हजार कोटींत कुलूप फुटले नाही, किल्ली भाड्याने मिळाली, असे माझे मत आहे. आणि मराठीत वा उर्दूत निघणाऱ्या संशोधनपत्रिका कशा जगाव्यात, याचे उत्तर या योजनेत नाही.

आता एका अनिष्ट गोष्टीकडे वळणे भाग आहे. अध्यापकांच्या बढतीसाठी छापील लेखांचे गुण मोजण्याची पद्धत २०१० च्या सुमारास आली. लेख मोजले जाऊ लागताच लेखांची दुकाने निघाली. पैसे भरा, आठ दिवसांत छापून घ्या. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतील १,००९ पत्रिका तपासल्या, तर त्यांतील सुमारे ८८ टक्के निकषांवर उतरल्या नाहीत. हा निबंध मार्च २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ पत्रिका यादीतून काढल्या. पुढे 'केअर' नावाची नवी यादी आली. तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद करण्यात आली आणि चांगले-वाईट ठरविण्याची जबाबदारी विद्यापीठांवर सोपविली गेली.

मोठ्या नावांनाही हा रोग लागला. कैरो शहरात १९९७ साली एका दांपत्याने 'हिंदावी' ही प्रकाशनसंस्था काढली आणि सर्व पत्रिका वाचकांस मोकळ्या केल्या; खर्च लेखकाने द्यावयाचा. पूर्वेकडील देशातून निघालेल्या या उपक्रमाचे जगभर कौतुक झाले. २०२१ साली एका बड्या अमेरिकन कंपनीने ती विकत घेतली. मग २०२३ या एका वर्षात तिला आठ हजारांहून अधिक लेख मागे घ्यावे लागले, कारण पैसे घेऊन बनावट लेख रचणाऱ्या टोळ्या तिच्यात शिरल्या होत्या. आता तर यंत्रच लेख लिहून देते. वाचकाकडून पैसा घेतला तर गरीब वाचक बाहेर राहतो. लेखकाकडून घेतला तर गरीब लेखक बाहेर राहतो आणि लबाड आत येतो. एशियाटिक सोसायटी किंवा अंजुमनच्या जुन्या मंडळींनी तिसरा मार्ग चालवून दाखविला होता. संस्थेने भार उचलावा, लेख तज्ज्ञाने वाचावा, वाचकाला अल्प मोबदल्यात द्यावा. आज छपाई व टपाल यांचा खर्च जवळजवळ नाहीसा झालेला असताना तो मार्ग पूर्वीपेक्षा सोपा आहे.

आपल्या संस्थेची ही स्मरणिका म्हणजे संशोधनपत्रिका नव्हे, हे मी जाणतो. परंतु उद्या कोणी पालघर-बोईसरच्या मुसलमान समाजातील शिक्षणाचा इतिहास लिहावयास बसेल, तेव्हा मुलींची पहिली तुकडी कोणत्या वर्षी दहावी झाली, इमारतीसाठी कोणी किती दिले, हे त्याला अशाच अंकांत शोधावे लागेल. अंकावर साल व प्रकाशनाचे ठिकाण स्पष्ट छापलेले असावे. एक प्रत मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयास जावी. मजकूर युनिकोडमध्ये असावा. जुने अंक ज्यांच्या घरी माळ्यावर असतील त्यांनी ते रद्दीवाल्याला न देता शाळेच्या ग्रंथालयात दाखवावेत. मोबाइलवर पानापानाची छायाप्रत काढण्यास एक दुपार पुरते, आणि त्या कामी नववी-दहावीची मुले आपल्यापेक्षा तरबेज आहेत.